झिलई कुठे थांबली ते पाहा : जुनी जपानी भांडी ओळखायला शिकताना

आधी स्वयंपाकघरात जा आणि लोणच्याची बरणी खाली काढा. वर तपकिरी, खाली दुधट, अशी चिनी मातीची जाडजूड बरणी अजून बऱ्याच घरांत असते. रिकामी असेल तर उत्तम. ती उपडी करा. बुडाशी गोल कड दिसेल. तिथे चकाकी नाही, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. भट्टीत झिलई वितळून तिची काच होते. ती बुडालाही राहिली असती तर बरणी फळीला कायमची चिकटली असती, म्हणून कारागिराने तिथली झिलई पुसून काढली. त्या खरखरीत कडेवरून तीन गोष्टी कळतात : झिलई मुद्दाम लावलेली आहे, भांडं बुडावर उभं ठेवून भाजलेलं आहे आणि आतली माती अमुक रंगाची आहे.

जुनी जपानी झिलईदार भांडी पाहताना एवढंच करायचं असतं. संग्रहालयात शिरलो की डोळा आधी रंगावर जातो. माझाही कित्येक दिवस जात होता. हिरवं दिसलं की सुंदर म्हणायचं आणि पुढच्या कपाटाकडे सरकायचं. पण रंग फसवा असतो, कारण एकाच हिरव्या रंगामागे दोन अगदी वेगळ्या रीती असू शकतात. त्यातली कोणती, हे झिलई जिथे संपते त्या कडेवर कळतं.

हा लेख साधारण पाचव्या ते पंधराव्या शतकातल्या भांड्यांपुरता आहे. चहाचे राकू वाडगे आणि इमारीची निळी-पांढरी पोर्सलिन नंतरची आहेत, त्यांना इथे जागा नाही.

आधी दोन घराणी लक्षात ठेवा

जपानच्या जुन्या झिलईची दोन घराणी आहेत : राखेचं आणि शिशाचं.

राखेच्या घराण्यात भट्टी १२०० अंशांच्या आसपास जाते. झिलई हिरवट, पिवळट, कधी गवती रंगाची असते. अंगची माती राखाडी आणि टणक असते, वाजवली तर खणखणते. इंग्रजी पाट्यांवर अशा भांड्याला बहुधा स्टोनवेअर म्हटलेलं असतं. शिशाच्या घराण्यात झिलई ७००-८०० अंशांतच वितळते. रंग ठसठशीत असतात : गर्द हिरवा, पिवळा-तपकिरी, पांढरा. अंगची माती बहुधा फिकट आणि मऊ असते, आणि नेमक्या अर्थाने अर्दनवेअर म्हणतात ते हेच. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत.

पायरी पहिली : झिलई नसलेलं भांडं डोळ्यांत बसवा

जपानमध्ये मडकी घडवायला सुरुवात झाली ती पंधरा-सोळा हजार वर्षांपूर्वी. जोमोन काळातली ती मडकी दोरीचे ठसे उमटवलेली, उघड्यावर भाजलेली आणि बिनझिलईची. त्यानंतरची यायोई आणि हाजिकी भांडीही तशीच तांबूस आणि सच्छिद्र. आपल्या माठाचीच जात म्हणा. माठातून पाणी पाझरतं म्हणून ते गार राहतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तेल किंवा मद्य साठवायचं असेल तेव्हा मात्र हाच गुण नडतो.

पाचव्या शतकात चित्र बदललं. कोरियाच्या दक्षिण भागातून आलेल्या कारागिरांबरोबर फिरतं चाक आलं आणि आनागामा ही भट्टी आली : डोंगरउतारावर खणलेला तिरपा बोगदा, खालच्या तोंडाशी जाळ, वरच्या टोकाला धूर जायला वाट. हाजिकी भाजणाऱ्या उघड्या जाळात एवढी आच कधी धरून ठेवता आली नसती. या बोगद्यात ती हजार अंशांच्या पुढे गेली. भाजणीच्या शेवटी हवा कोंडली की मातीतल्या लोहाचा तांबूस रंग जातो आणि राखाडी येतो. या राखाडी, कडक भांड्यांना सुएकी म्हणतात. ओसाकाच्या दक्षिणेला सुएमुरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांमध्ये अशा भट्ट्यांची रांगच सापडली आहे.

या पायरीवर एक तांबूस हाजिकी आणि एक राखाडी सुएकी भांडं शेजारी शेजारी पाहा. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या पुरातत्त्व दालनात दोन्ही सापडतात. फोटोतही हा फरक कळतो. तो पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी दुसरी : राख कुठे पडली आहे?

सुएकीच्या कारागिरांना झिलई करायची नव्हती. ती आपोआप झाली. तासन्‌तास लाकूड जळत होतं, जाळाच्या ओढीने राख भट्टीभर उडत होती आणि भांड्यांवर बसत होती. राखेत चुना आणि पोटॅश असतं, मातीत गारगोटीचा अंश असतो. आच पुरेशी चढली की चुना आणि पोटॅश त्या गारगोटीला वितळवतात आणि काच तयार होते. जपानी लोक तिला शिझेन-यू म्हणतात, म्हणजे निसर्गतः झालेली झिलई. ‘यू’ म्हणजे झिलई. हे एक अक्षर लक्षात ठेवा, पुढे वारंवार भेटेल.

आता भांड्याकडे पाहा. राख आकाशातून पडल्यासारखी वरून पडते, म्हणून ती खांद्यावर, काठावर आणि वाडग्याच्या तळाशी साचते. पोटाच्या खालच्या, आत वळलेल्या भागाखाली ती पोचत नाही. शिवाय ती एका बाजूला जास्त असते. जाळाकडे तोंड करून असलेली बाजू काचेने माखलेली आणि पाठ कोरडी, असं भांडं दिसलं की भट्टीत ते कसं उभं होतं हे डोळ्यांसमोर येतं. खांद्यावर स्वच्छ गोल चकती कोरडी राहिली असेल तर तिथे वर दुसरं भांडं रचलेलं होतं. ती चकती म्हणजे त्या दुसऱ्या भांड्याची सावली.

कड कशी आहे? अनियमित. वरती दाट, मग विरळ होत ठिपके, मग फक्त खरखरीत पृष्ठभाग. कुठे जास्त राख साचून तिचे ओघळ खाली उतरलेले असतात आणि ओघळाच्या टोकाला काचेचा थेंब गोठलेला असतो. हिरवट, आत बुडबुडे असलेला. असा थेंब दिसला की मी कपाटासमोरून हलत नाही, बरोबर आलेली माणसं कंटाळून पुढे जातात.

पायरी तिसरी : पडली की लावली?

नवख्या माणसाचा घोटाळा इथे होतो, म्हणून वेळ घ्या.

आपोआप झालेली काच पाहून कधीतरी कुणाच्या तरी मनात आलं असणार की हीच राख पाण्यात कालवून आधीच का लावू नये? तसं करणाऱ्या भट्ट्या आजच्या नागोया शहराच्या पूर्वेला सानागे परिसरात होत्या. आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे मुद्दाम लावलेली राख-झिलई दिसू लागते आणि नवव्या शतकात ती मातब्बर होते. या प्रकाराला काईयू म्हणतात. या भट्ट्या मधे कित्येक शतकं विसरल्या गेल्या होत्या. १९५० च्या दशकात संग्राहक होंदा शिझुओ आणि नागोया विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ नारासाकी शोइची यांच्या कामामुळे त्या पुन्हा उजेडात आल्या. त्याच सुमारास आइची कालव्याचं काम चालू होतं आणि जमीन उकरली जात होती. पुढच्या शोधांत या टापूतल्या भट्ट्यांची संख्या हजाराच्या घरात गेली. तोवर सुएकी आणि मध्ययुगीन सेतो (ही भांडी सहाव्या पायरीत येतील) यांच्या मधे राख-झिलईच्या इतिहासात मोठी पोकळी होती, ती सानागेने भरली.

मग ओळखायचं कसं? पुन्हा कड पाहा. लावलेली झिलई भांड्याच्या सगळ्या बाजूंनी साधारण एकाच उंचीवर थांबते, कारण तिथे हात थांबला. सुरुवातीच्या सानागे भांड्यांवर ती कुंचल्याने फिरवलेली असते, म्हणून कडेला कुंचल्याच्या ओढीची आडवी लय दिसते. नंतर भांडं द्रवात बुडवून काढायची पद्धत आली. तेव्हा कड तिरप्या कमानीसारखी दिसते, जणू वाटी एका बाजूने दुधात बुडवून मग दुसऱ्या बाजूने बुडवली. वाडग्याच्या आत मधोमध झिलई नाही आणि काठाजवळ चारी बाजूंनी आहे, असं दिसलं तर ती नक्की लावलेली. उडालेली राख असा हिशेब ठेवत नाही.

यात एक गुंता आहे. लावलेल्या झिलईवर भट्टीतली राखही पडतेच. म्हणून एकच भांडं दोन्ही गोष्टी दाखवू शकतं : खाली सरळ कड आणि खांद्यावर एका बाजूला जाड हिरवा लोंढा. गोंधळलात तर भांड्याची पाठ पाहा. पाठीलाही झिलई त्याच उंचीवर असेल तर ती हाताने लावलेली.

पायरी चौथी : शेंदूर, गारगोटी, तांबं, गेरू

आता शिशाचं घराणं. याचं सगळ्यात प्रसिद्ध रूप म्हणजे नारा सान्साई. ‘सान’ म्हणजे तीन, ‘साई’ म्हणजे रंग. आठव्या शतकात, नारा ही राजधानी असताना, चीनच्या तांग राजवटीतल्या तिरंगी भांड्यांवरून जपानी कारागिरांनी हे केलं. पण शिशाची झिलई त्याआधीच, सातव्या शतकात, आली होती. आसुकामधल्या कावाहारा-देरा मंदिराच्या जागी हिरव्या झिलईच्या, लाटांची नक्षी असलेल्या फरश्या सापडल्या आहेत.

या झिलईचं सामान काय असायचं, हे आपल्याला चक्क एका हिशेबाच्या कागदावरून कळतं. इ.स. ७३४ मध्ये नारातल्या कोफुकु-जी मंदिराचं पश्चिम सुवर्णगृह उभं राहिलं. सम्राज्ञी कोम्योने ते आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधवलं. त्या कामाच्या खर्चाची नोंद नारातल्या शोसोइन या जुन्या कोठाराच्या दप्तरात टिकली आहे. तीत झिलईदार वाट्यांसाठी शिसं भाजून केलेलं लाल भस्म, तांब्याचा हिरवा गंज, लाल माती, पांढरा दगड असं सामान येतं. मराठीत सांगायचं तर शेंदूर, कळंकलेलं तांबं, गेरू आणि गारगोटीची पूड. मारुतीला परंपरेने फासला जाणारा शेंदूर म्हणजे हेच शिशाचं लाल भस्म. त्याने गारगोटी कमी आचेवर वितळते आणि बिनरंगी काच होते. पांढऱ्या मातीवर ती बसली की पांढरी दिसते. तांबं मिसळलं की हिरवी, गेरू मिसळला की पिवळी-तपकिरी.

भांडं दोनदा भाजतात. आधी नुसती माती, मग झिलई लावून कमी आचेवर. म्हणूनच इथे राखेसारखे एका बाजूचे लोंढे नसतात. हिरवे ठिपके, त्यांच्यामधे तपकिरी, मधून डोकावणारा पांढरा, असं हरणाच्या पाठीसारखं रूप असतं. वितळताना रंग एकमेकांत थोडे उतरतात, त्यामुळे ठिपक्यांच्या कडा खाली ओढल्यासारख्या होतात.

तांगचं आणि नाराचं वेगळं कसं करायचं? दोन खुणा पुरतात. पहिली निळ्या रंगाची : तांग भांड्यांवर कोबाल्टचा निळा दिसतो, नारा सान्साईवर नाही. दुसरी वापराची. तांगचे तिरंगी घोडे, उंट, सेवक हे थडग्यात ठेवायला घडवले गेले. जपानमध्ये तसले घोडे-उंट नाहीत. इथे वाडगे, ताटल्या, झाकणाचे कलश आणि लहान कुप्या आहेत, मुख्यतः मंदिरांतल्या विधींसाठी आणि अस्थी ठेवण्यासाठी. वाकायामा प्रांतात सापडलेला झाकणाचा तिरंगी अस्थिकलश क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आकाराने गोल, खांदे भरदार, औषधाच्या बरणीसारखा. क्यूशू आणि कोरिया यांच्या मधल्या समुद्रात ओकिनोशिमा नावाचं पवित्र बेट आहे, तिथल्या विधींच्या जागीही लहान तिरंगी कुप्या निघाल्या. काळाची पक्की खूणगाठ हवी असेल तर ओहारिदा नो यासुमारो या अधिकाऱ्याचं थडगं घ्या. त्यातल्या धातूच्या पट्टीवर इ.स. ७२९ हे साल आहे आणि तिथे तिरंगी भांड्याचे तुकडे मिळाले.

एक सावधगिरी : जपानमध्ये सापडलं म्हणजे जपानी, असं धरू नका. नारातल्या दाइआन-जी मठाच्या जागी तांगच्या तिरंगी उशांचे ढीगभर तुकडे निघाले आहेत. भारतातून ७३६ मध्ये जपानला पोचलेला बोधिसेन हा भिक्षू याच मठात राहत असे. नारातल्या तोदाइ-जी मंदिराच्या महाबुद्धाचे डोळे ७५२ मध्ये त्याने रंगवले. त्या विधीतला कुंचला शोसोइनमध्ये अजून आहे. भांड्यांच्या शोधात निघालात तरी नारामध्ये हा माणूस मधे मधे भेटत राहतो.

शोसोइनवर जरा थांबू. तोदाइ-जीचं हे लाकडी कोठार. सम्राट शोमू वारल्यावर ४९ व्या दिवशी, ७५६ मध्ये, सम्राज्ञी कोम्योने त्याच्या वस्तू अर्पण केल्या, तिथून या संग्रहाची सुरुवात होते. यात शिशाच्या झिलईची ५७ भांडी आहेत. ती सगळी ‘शोसोइन सान्साई’ या एका नावाने ओळखली जातात, पण मोजायला बसलं तर खरी तिरंगी फक्त ५. दुरंगी ३५, नुसती हिरवी १२, पिवळी ३ आणि पांढरी २. नावावर जाऊ नये, रंग बोटांवर मोजावेत. तिरंगी पाचांत एका ढोलाचं मातीचं अंग आहे, सुमारे ३८ सेंटिमीटर लांब, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद. आपल्याकडचं कुणीही त्याला डमरूच म्हणेल. दोन्ही तोंडांवर कातडं ताणून ते वाजवत. ही भांडी चीनमधून आली असावीत, असं एके काळी मानलं जाई. तपासणीत ती जपानीच ठरली.

या ५७ भांड्यांचं वेगळेपण डोळ्यांना लगेच जाणवतं : ती कधी पुरली गेली नाहीत. जमिनीतून निघालेल्या शिशाच्या झिलईवर ओलाव्याने रुपेरी, इंद्रधनुषी पापुद्रा चढतो. कधी झिलई इतकी झिजते की हिरव्याची फक्त आठवण उरते. त्यामुळे उत्खननातलं फिकट भांडं पाहून ‘रंग मुळात असाच मळका होता’ असा निष्कर्ष काढू नका. मूळ रंग डोळ्यांत भरायचा असेल तर शोसोइनचंच भांडं पाहिलं पाहिजे.

पायरी पाचवी : नुसतं हिरवं

नवव्या शतकापासून तिरंगी मागे पडतं आणि एकरंगी हिरवं पुढे येतं. त्याला र्योकुयू म्हणतात. आता डोळ्यांसमोर आदर्श होता चीनच्या युए भट्ट्यांच्या सेलाडॉनचा, म्हणजे मोठ्या आचेवर भाजलेल्या हिरवट झिलईच्या भांड्यांचा. सेलाडॉनला लागणारी आच आणि माती नव्हती, तर शिशाच्या झिलईने तो रंग आणायचा, असा हा मार्ग. क्योतोच्या आसपास, ओवारी प्रांतात (म्हणजे सानागेकडे), ओमीमध्ये आणि पश्चिमेला नागातो-सुओ भागात ही भांडी होत. ८१५ च्या एका नोंदीत ओवारीच्या तीन माणसांनी झिलईची भांडी करण्याचं शिक्षण पुरं केल्याचं लिहिलं आहे. म्हणजे हे सरकारदरबारी शिकवलं जाणारं कौशल्य होतं. दहाव्या शतकातल्या एंगिशिकी या नियमसंग्रहात ओवारी आणि नागातो यांनी दरवर्षी अशी भांडी दरबारात पाठवावीत असं आहे.

इथेच राख आणि शिसं एकमेकांशेजारी येतात आणि नवखा माणूस फसतो. सानागेत दोन्ही होत असे. ओळखायला तीन प्रश्न विचारा. हिरवा रंग सगळीकडे सारखा, अगदी बुडाच्या आतही आहे का? मग बहुधा शिसं. हिरवा पालेभाजीसारखा गर्द आहे की वाळत चाललेल्या गवतासारखा? गर्द असेल तर तांबं, गवतासारखा असेल तर राख. आणि पृष्ठभागावर बारीक भेगांची जाळी व रुपेरी पापुद्रा आहे का? दोन्ही असतील तर शिसं. मातीच्या रंगावर इथे फार विसंबू नका. ओवारीतल्या हिरव्या भांड्यांची माती राखाडी आणि टणक असते, क्योतोकडची मऊ आणि फिकट.

वाडग्याच्या आत तळाशी तीन लहान टिंबं त्रिकोणात दिसतात का तेही पाहा. हिरवी भांडी आतून-बाहेरून झिलईत असत. ती एकावर एक रचताना चिकटू नयेत म्हणून मधे मातीची तीन पायांची टेकणी ठेवत. भाजून झाल्यावर टेकणी तोडली की तीन ओरखडे राहत. ही खूण मला नक्षीपेक्षाही जास्त आवडते. कुणाला दाखवायला म्हणून ती केलेली नाही.

पायरी सहावी : सेतो

अकराव्या शतकानंतर शिशाची हिरवी भांडी संपतात. बाराव्या शतकाच्या शेवटापासून नागोयाच्या ईशान्येला सेतोमध्ये राख-झिलई पुन्हा जोर धरते आणि पंधराव्या शतकापर्यंत चालते. या काळातल्या भांड्यांना को-सेतो, म्हणजे जुनं सेतो, म्हणतात. सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन या सहा जुन्या भट्ट्या एकत्र सांगायची पद्धत आहे, पण त्यांतली मुद्दाम झिलई लावणारी एकटी सेतो. बाकी पाच ठिकाणी जी चकाकी दिसते ती दुसऱ्या पायरीतली, आपोआप पडलेली.

को-सेतोमध्ये चार कानांचे रांजण, निमुळत्या बुडाच्या मद्याच्या सुरया आणि पाण्याचे झारे जास्त भेटतात. अंगावर ठसे किंवा कोरलेली फुलं-पानं असतात. झिलई पिवळट-हिरवी आणि खाली ओघळलेली. पुढे लोहाची गडद तपकिरी झिलईही येते. आपण जसं ‘चिनी माती’ म्हणतो तसं जपानात बऱ्याच भागांत साध्या कपबशीलाही ‘सेतोमोनो’ म्हणतात, म्हणजे सेतोची वस्तू.

कुठे पाहायचं

शोसोइनमधल्या वस्तूंचं प्रदर्शन नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात दर शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या शेवटापासून साधारण दोन आठवडे भरतं. १९४६ पासून ही प्रथा आहे. दरवर्षी वस्तू बदलतात, त्यामुळे तिरंगी भांडं असेलच असं नाही. निघण्याआधी त्या वर्षीची यादी पाहा आणि वेळेचं तिकीट आधी काढा. आत फोटो काढता येत नाहीत. टिपणं पेनाऐवजी पेन्सिलीने घ्यावी लागतात, तेव्हा ती खिशात ठेवा. सानागे आणि सेतोसाठी सेतो शहरातलं आइची प्रांताचं सिरॅमिक संग्रहालय गाठा, तिथे हा सगळा क्रम एका रांगेत दिसतो.

जायला जमत नसेल तर जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचा ‘कोलबेस’ हा एकत्रित संग्रह नेटवर मोफत आहे. शोसोइनच्या वस्तू राजघराण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. बुडाचा फोटो दिला असेल तर आधी तोच उघडा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तूंचं दालन आहे. तिथली भांडी नंतरच्या काळातली आहेत, पण सरावाला उत्तम. कपाटासमोर उकिडवे बसा, डोळे बुडाच्या पातळीवर आणा आणि झिलईची कड शोधा. लोक बघतील, बघू द्या.

विकत घेण्याआधी

घेऊ नका, निदान पहिली काही वर्षं तरी. कारण एवढंच सांगतो. १९५९ मध्ये जपान सरकारने को-सेतोची एक सुरई महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून जाहीर केली. तिच्यावर एइनिन २, म्हणजे १२९४, हे साल कोरलेलं होतं आणि तिची शिफारस कोयामा फुजिओ या सर्वमान्य जाणकाराने केली होती. पुढे काटो तोकुरो या नामवंत कुंभाराने ती आपण केल्याचं सांगितलं. झिलईची क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा तिच्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण कामाकुरा काळातल्या, म्हणजे त्या सालाच्या सुमाराच्या, तुकड्यांशी जुळेना. १९६१ मध्ये तो दर्जा काढून घेतला गेला. ज्यांनी आयुष्यभर कडा पाहिल्या त्यांची ही गत. नेटवर ‘नारा काळातलं’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या वाडग्यापुढे आपला काय पाड लागणार?

स्वतः करून पाहायचं असेल तर

शिशाची झिलई घरी किंवा क्लासमध्ये करू नका. शिशाची पूड श्वासातून आणि हातातून पोटात जाते, आणि अशी झिलई आंबट पदार्थात शिसं सोडते. जुनं हिरवं भांडं हाती आलंच तर त्यात चिंचेचा सार वाढू नये हे ओघाने आलं.

राख मात्र करण्यासारखी आहे. लाकडाची राख घ्या (चुलीची चालेल, पण प्लॅस्टिक-कागद जळलेली नको), बारीक चाळणीने चाळा. ओली राख कातडी जाळते, म्हणून हातमोजे घाला. सुरुवातीला राख आणि फेल्डस्पार (झिलईत वापरतात त्या खनिजाची पूड) निम्मे निम्मे घेऊन पाण्यात ताकाइतकं पातळ कालवा आणि आधी एकदा भाजलेल्या मातीच्या तुकड्यावर लावा. साधी मडक्याची माती चालणार नाही, ती एवढ्या आचेत बसते. १२५० अंशांपर्यंत भाजणारी माती आणि तशी भट्टी असलेला स्टुडिओ शोधा आणि प्रयोग त्यांना विचारूनच लावा. तुकड्याच्या खालच्या तिसऱ्या भागाला झिलई लावू नका आणि त्याच्याखाली भाजलेल्या मातीची जुनी बशी ठेवा. राखेचा ओघळ तुमच्या अंदाजापेक्षा खाली उतरतो, आणि एकदा का तो भट्टीच्या फळीला चिकटला की छिन्नी घेऊन फळी तुम्हालाच खरवडावी लागते.